पावसाने सीझन बुडाला, एंट्री फी कोणाची?

डीप_मिडविकेट

मे महिन्यात टेनिस बॉलची लीग भरवायची, पाऊस आला की सीझन रद्द म्हणायचं आणि एंट्री फी मात्र ठेवून घ्यायची, हे तुम्हाला पटतं का?

आमच्या भागातली लीग आहे. ठाण्याच्या पलीकडची, नाव नको. १६ संघ, संघामागे १२,००० रुपये, म्हणजे १ लाख ९२ हजार झाले. मे २०२५ चे चार शनिवार-रविवार ठरले होते. ३ आणि ४ तारखेला पहिली फेरी झाली, प्रत्येक संघाची एकेक मॅच. पुढच्या आठवड्यात सीमेवरच्या तणावामुळे आयपीएलच थांबली होती, तेव्हा आमचे सामनेही पुढे गेले. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मग पाऊस. वळवाची एखादी सर समजू शकतो, हा मुक्कामालाच आला. २६ मेला मुंबईत मान्सून दाखल झाल्याची घोषणा झाली. ७५ वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता म्हणे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: "सीझन रद्द. एंट्री फी परत मिळणार नाही. पुढच्या वर्षी भेटूच." आणि पाच मिनिटांत ग्रुपवर फक्त अॅडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग. राग आला तो खरा या सेटिंगचा.

मी पूर्ण १२,००० मागत नाहीये. एक मॅच खेळलो, तिचे कापा. जो खर्च खरंच झाला तो कापा. उरलेले द्या आणि चार ओळींचा हिशोब ग्रुपवर टाका. आमच्या संघात १२ जणांनी हजार-हजार काढले होते. कीपर कुरिअरवाल्याकडे कामाला आहे, त्याने पाचशे-पाचशे करून दोनदा दिले. त्याला मी काय सांगू?

मैदान_मिळेल_का

मी दरवर्षी लीग भरवतो (तुमची नाही, घाबरू नका). एकदा या बाजूला बसून बघा.

मैदान शाळेचं असेल तर संस्था भाडं आगाऊ घेते आणि पावती देते 'देणगी'ची. देणगी परत मिळत नाही, मागायला गेलात तर पुढच्या वर्षी मैदानही मिळत नाही. मुरूम टाकून रोलर फिरवला की ते पैसे जमिनीत गेले. ट्रॉफ्यांवर 'पर्व ५, २०२५' असं कोरलेलं असतं, त्या पुढच्या वर्षी कोणाला देऊ? टी-शर्टांवर स्पॉन्सर छापलेला. लाइव्ह स्ट्रीमिंगवाला दोन कॅमेऱ्यांची अर्धी रक्कम तारीख धरतानाच घेतो, त्याच तारखांना त्याने दुसऱ्या तिघांना नाही म्हटलेलं असतं. म्हणजे पहिला चेंडू पडायच्या आधी माझे सत्तर टक्के गेलेले असतात.

लग्नाचा हॉल बुक केला आणि लग्न मोडलं, तर हॉलवाला पैसे परत देतो का? आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'एंट्री फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही'. खाली कॅप्टनची सही असते. सही करताना कोणी वाचत नाही, वाद घालताना सगळे वाचतात.

वाइड_बॉल

लग्न मोडलं तर हॉलवाला देत नाही हे बरोबर. पण हॉलमध्येच पाणी शिरलं आणि हॉलवाल्याने स्वतः कुलूप लावलं तर? इथे संघ खेळायला तयार होते, मैदान तुमच्याकडे नव्हतं.

दोन्ही_हात_वर

अंपायरिंग करतो, म्हणून बोलतो. या भांडणात आमचं नाव कोणीच घेत नाही. आम्हाला मॅचमागे पैसे मिळतात, मॅच नाही तर काही नाही. मे महिना म्हणजे आमची सुगी असते. त्या महिन्यासाठी मी दुसऱ्या दोन लीग सोडल्या होत्या. स्कोअररचंही तेच, मोबाइलवर स्कोअर टाकणारा पोरगा मॅचवारीच असतो.

तेव्हा आयोजकसाहेब, रद्द झालेल्या सामन्यांचे अंपायर, स्कोअरर, चहा-वडापाव आणि पाण्याचे जार हा खर्च तुमचा झालेलाच नाही. १६ संघांच्या लीगमध्ये ती रक्कम लहान नसते. ती गेली कुठे? संघांना परत गेली नाही, आम्हालाही मिळाली नाही.

मैदान_मिळेल_का

@दोन्ही_हात_वर, मान्य, तो भाग वाचतो. पण तो बहुतेक वेळा आधीच्या खड्ड्यात जातो. एंट्री फीवर लीग चालते हा गैरसमज आहे. ती चालते स्पॉन्सरवर, आणि स्पॉन्सर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. भावी नगरसेवक. बॅनरवर स्वतःचा फोटो चषकापेक्षा मोठा लावून घेतात आणि पैसे देताना म्हणतात, "निम्मे आता घे, निम्मे फायनलला, बक्षीस वाटायला येईन तेव्हा." फायनल झालीच नाही. फोन केला की उचलत नाहीत. तो खड्डा कोण भरणार?

आझाद_मैदानावरचा

थोडं वाकडं बोलतो. कांगा लीग १९४८ पासून मुंबईत पावसाळ्यातच खेळली जाते. ओल्या विकेटवर, चिखलात. पाऊस येतोच हे गृहीत धरूनच तिचं वेळापत्रक असतं. मग मे महिन्याच्या पावसात तुमचं सगळं कसं बुडतं? लीग जूनपर्यंत लांबवायची, षटकं कमी करायची. १० ची ६ करा.

डीप_मिडविकेट

@आझाद_मैदानावरचा, कांगावाले आणि आम्ही एका पंगतीत बसत नाही हो. त्यांच्या विकेटी वर्षभर सांभाळलेल्या असतात, आणि तिथेही पावसाने कितीतरी सामने वाहून जातात. आमचं मैदान मुरमाचं, उतार एका कोपऱ्याकडे. पॉइंटच्या जागी घोट्यापर्यंत पाणी होतं. भुसा टाकून बघितला, तो तरंगायला लागला. शिवाय जूनमध्ये शाळा सुरू झाली की संस्था मैदान देत नाही. सहा षटकांचं आम्हीही सुचवलं होतं, उत्तर आलं नाही.

@मैदान_मिळेल_का, स्पॉन्सरने टोपी घातली तर त्याचे पैसे आमच्याकडून का? त्याला शोधून आणलं तुम्ही. बॅनर महिनाभर नाक्यावर झळकला, त्याचं काम झालं. त्याच्याकडून वसूल करा. लीग नीट झाली असती आणि पैसे उरले असते, तर त्यातला वाटा तुम्ही संघांना देणार होता का? फायदा तुमचा आणि तोटा सोळा संघांचा, असं कसं चालेल?

कलम_छप्पन

वकिली करतो. सल्ला म्हणून घेऊ नका, गप्पा म्हणून घ्या.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५६: करार झाल्यावर तो पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो. कलम ६५: असा करार रद्दबातल झाला की त्यातून ज्याच्या पदरात काही पडलं असेल त्याने ते परत करावं किंवा त्याची भरपाई द्यावी. या कलमाखाली कायद्यातच एक उदाहरण दिलंय, ते तुमच्या लीगसाठीच लिहिल्यासारखं आहे. एका गायकाने कार्यक्रमासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला, गाऊ शकला नाही. समोरच्याचा बुडालेला नफा भरून द्यायला तो बांधील नाही, पण घेतलेले १,००० परत केलेच पाहिजेत.

आता 'फी परत मिळणार नाही' या ओळीवर सही आहे. आयोजक म्हणेल, पावसाची जोखीम तुम्ही सही करून स्वीकारलीत. संघ म्हणतील, ती ओळ आम्ही माघार घेतली तर लागू, तुम्ही लीगच रद्द केलीत तर नाही. दोन्ही बाजूंनी भांडता येईल. 'अशक्य' झालं का, हाही मुद्दा आहेच. नोव्हेंबरात खेळवणं शक्य असेल तर ते पुढे ढकलणं झालं.

ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फीही लागत नाही. पण चार मित्रांनी हौसेने भरवलेली लीग ही पैसे घेऊन दिलेली 'सेवा' आहे का, यावर आधी वाद होईल. १२,००० साठी तारखांना जाणार असाल तर तुमची हौस दांडगी.

स्लाउकर

लंडनजवळ स्लाउला राहतो, इथे रविवारची लीग खेळतो. २०२० चा सीझन एप्रिलमध्ये सुरू व्हायचा तो झालाच नाही. जूनमध्ये पंतप्रधान संसदेत म्हणाले की क्रिकेटचा चेंडू रोगाचा वाहक आहे, आणि मग ११ जुलैपासून हौशी क्रिकेटला परवानगी मिळाली. आमच्या क्लबाने सभासदांना ईमेल केला: मैदानाची निगा आणि विमा एवढा खर्च झालाय, निम्मी वर्गणी आम्ही ठेवतोय, उरलेली हवी तर परत घ्या, नको तर क्लबाला राहू द्या. बऱ्याच जणांनी राहू दिली. आकडे समोर होते म्हणून कोणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

@कलम_छप्पन, पार न पडलेल्या करारांबद्दलच्या इथल्या १९४३ च्या कायद्यात झालेला खर्च वजा करू देण्याची मुभा कोर्टाला आहे. आपल्याकडे?

कलम_छप्पन

६५ मध्ये तसं वाक्य नाही. म्हणून तर @डीप_मिडविकेट स्वतःहून खर्च कापून घ्या म्हणतोय, ते आयोजकांनी गपचूप मान्य करावं. कायद्याच्या शब्दावर गेला तर तो याहून जास्त मागू शकतो.

फुटबॉलची_आई

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, त्याच्या फुटबॉल लीगचं २०२० मध्ये असंच झालं. मार्चमध्ये फी भरली आणि आठवड्याभरात लॉकडाऊन. अकादमीने सांगितलं, फी पुढच्या सीझनला वळती करू. पुढचा सीझन आला तोवर पोरगा वरच्या वयोगटात गेला होता, तिथली फी जास्त, फरक भरा म्हणे. विमान कंपन्याही तेव्हा पैसे देण्याऐवजी क्रेडिट शेलच (पुढच्या तिकिटात वापरायची जमा रक्कम) देत होत्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा कुठे नियम ठरले.

तरी मी परत मागितले नाहीत. त्याचे सर त्या काळात आंब्याच्या पेट्या विकत होते. मैदान उघडलं तेव्हा शिकवायला कोणीतरी उरायला हवं होतं. सगळ्या पालकांनी फी ओढून घेतली असती तर ती अकादमी बंदच पडली असती. तुमच्या लीगचा आयोजक उद्या 'नाही भरवत जा' म्हणाला तर मुलं कुठे खेळणार, याचाही विचार करा.

वाइड_बॉल

ताई, सरांचं पोट त्यावर होतं. आमच्या आयोजकांचं पोट कशावर आहे ते त्यांच्या नव्या बुलेटवर लिहिलंय.

मैदान_मिळेल_का

बुलेट काढली म्हणजे चोर, हा पुरावा झाला का? लीग भरवणारे शंभरातले काही लबाड असतील, बाकीचे खिशातून घालतात. माझ्या बायकोला विचारा.

डीप_मिडविकेट

@फुटबॉलची_आई, तुम्ही सोडले कारण सरांची अवस्था तुम्हाला दिसत होती. स्लाउवाल्यांनी सोडले कारण ईमेलमध्ये आकडे होते. आम्हाला काहीच दिसत नाही, म्हणून आम्ही सोडत नाही. हिशोब दाखवला आणि त्यात शून्य शिल्लक निघाली, तर मी स्वतः बाकीच्या कॅप्टनना गप्प करीन.

काल पाच कॅप्टन भेटलो. आयोजकांना एक पत्र द्यायचं ठरलंय, सहा गोष्टी विचारतोय: मैदान, माती-रोलर, टी-शर्ट-ट्रॉफी, स्ट्रीमिंग, अंपायर-स्कोअरर, स्पॉन्सरकडून आलेले. आणि चेंडूंचं काय झालं तेही. सीलबंद डबे होते, पाणी लागलेलं नाही. @मैदान_मिळेल_का, तुम्ही असे कागद दाखवाल का तुमच्या संघांना?

मैदान_मिळेल_का

खर्चाचे दाखवीन. स्पॉन्सरचा आकडा नाही दाखवणार, स्पॉन्सरलाच तो चार लोकांत नको असतो. ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

पण पुढच्यासाठी एक सांगतो. मी यंदापासून फी दोन हप्त्यांत घेणार आहे. पहिल्या हप्त्यात मैदान, टी-शर्ट, ट्रॉफी, जे आधीच जातं ते. तो परत नाही, तसं ठळक लिहिणार. दुसरा सामन्यांचा, तो जेवढ्या मॅच तेवढाच.

दोन्ही_हात_वर

आणि पहिली मॅच हरलेला संघ दुसरा हप्ता देईल? माझ्या अनुभवात हरलेला कॅप्टन मैदानातून बॅटसुद्धा न भरता जातो.

मैदान_मिळेल_का

म्हणून दुसरा हप्ता ड्रॉच्या आधी. पैसे आल्याशिवाय चिठ्ठी डब्यात नाही.

डीप_मिडविकेट

ड्रॉच्या आधी घेतला तर तो पुन्हा तुमच्याच खिशात बसला की! मग मॅच बुडाल्यावर परत कोण देणार? दोन कॅप्टन आणि आयोजक यांच्या तिघांच्या सहीचं खातं काढा, दुसरा हप्ता तिथे जमा होऊ दे. तिघांनी सही केली तरच पैसे निघतील.

मैदान_मिळेल_का

तीन सह्यांसाठी दर शनिवारी तिघांना गाठत फिरू? अंपायरला पैसे त्याच दिवशी संध्याकाळी लागतात, विचारा त्यालाच.

दोन्ही_हात_वर

लागतात. पण दोन दिवस थांबेन, खातं खरंच असेल तर. पत्राचं काय उत्तर येतं ते इथे टाका.