छंदांच्या यादीत देवाबद्दलचे प्रश्न?

पन्नाशीपार:
'रातकिडा'ने काल या फोरमवर दिलेला स्वतःचा परिचय वाचला आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. रात्री दोनला उठून बसलो, म्हणून लिहितोय.

वय एकोणीस. आवडी: दुर्बिणीतून आकाश बघणं, इलेक्ट्रिक गिटार, बुद्धिबळ, जाडजूड कादंबऱ्या. आणि त्याच यादीत पाचव्या क्रमांकावर, "देवाबद्दलचे न सुटलेले प्रश्न". खाली चार प्रश्न. अमालेक या शत्रुराष्ट्राची तान्ही मुलंसुद्धा मारा, अशी आज्ञा बायबलमधल्या शौल राजाला का झाली? ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही त्यांचं काय? प्रार्थना कोणाची ऐकली जाते आणि कोणाची नाही? आणि योहानाच्या शुभवर्तमानातल्या व्यभिचारी स्त्रीच्या गोष्टीभोवती छापताना कंस कशाला?

प्रश्नांना माझी हरकत नाही, जागेला आहे. बुद्धिबळाचा कंटाळा आला की पट गुंडाळून ठेवता येतो. पहिला शमुवेल, पंधरावा अध्याय (अमालेकांचा) असा गुंडाळता येतो का? मी बावीस वर्षांचा असताना एक प्रश्न घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो, तेव्हा पाय कापत होते. आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. आता तोच प्रश्न गिटारशेजारी बसतो आणि खाली पन्नास जण "भारी लिहिलंस" म्हणतात. या पिढीला उत्तर हवंय का, की प्रश्न असणं हीच शोभा झालीय?

गिटारवाल्यांनी उपासनेची जी दशा केली आहे त्यावर पुन्हा कधीतरी.

तिरपीनजर:
तुमचं जेवण गेलं म्हणून त्याचंही जावं, असा काही नियम आहे का?

मी अकरा वर्षं संडे स्कूल घेतलं. एकदा एका मुलीने विचारलं, येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत मेला कसा? मत्तय म्हणतो गळफास घेतला, प्रेषितांची कृत्ये म्हणतात पालथा पडून पोट फुटलं. मला उत्तर येईना, म्हणून मी शिक्षकांच्या बैठकीत विचारलं. उत्तर मिळालं, "असे प्रश्न कोण सुचवतो ते तुम्हाला माहीत आहे." पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे वर्ग नाही, हजेरीपट. त्या मुलीचं काय झालं ते नका विचारू.

आणि थोमाचा दाखला तुम्ही देण्याआधी मीच देते. येशू मेलेल्यांतून उठला हे त्याच्या जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, त्यानंतर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी दारं बंद होती तेव्हा तो आतच होता. प्रवचनात आम्ही थोमाला झोडपतो. त्या बाकीच्या दहा शिष्यांचं कौतुक एकदाही ऐकलं नाही.

जुनासूर:
गिटारचा विषय "पुन्हा कधीतरी" का? आत्ताच होऊ दे. आमच्याकडे एकच ओळ अकरा वेळा गातात. मोजली आहे मी. ड्रम असे की शेजारच्याचं सोडा, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

कडकडाट:
स्तोत्र १५० वाचलंय ना? डफ, नृत्य, तंतुवाद्यं, जोराने वाजणाऱ्या झांजा. "हळू वाजवा, काकांना त्रास होतो" असं त्यात कुठेही नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा नको असेल तर आधी स्तोत्र १३६ फाडून टाका. सव्वीस ओव्या आणि प्रत्येकीचा शेवट तोच.

जुनासूर:
माझी आई शेवटच्या वर्षी माझं नाव विसरली होती. पण मी पहिला शब्द म्हटला की चारही कडवी म्हणायची, एक अक्षर न चुकता. ती कडवी तिने गीतांच्या पुस्तकातून साठ वर्षं गायली होती. तुम्ही पडद्यावर दर महिन्याला नवं गाणं टाकता. ऐंशीव्या वर्षी तुम्हाला काय आठवणार आहे? ड्रमचा ठेका?

निर्वाद्य:
दोघांचंही चुकतंय. पहिल्या शतकांतली ख्रिस्ती मंडळी वाद्यांशिवाय गायची. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही तशाच गातात. धर्मसुधारक झ्विंग्लीने १५२० च्या दशकात झुरिकच्या चर्चमधले ऑर्गन बंद केले. तेव्हा जुनासूर, ज्याला तुम्ही परंपरा म्हणता ती मुळात तडजोड आहे.

कडकडाट:
हाच झ्विंग्ली ना, जो स्वतः अनेक वाद्यं उत्तम वाजवायचा? म्हणजे स्वतःचं वाजवून झालं आणि मग सगळ्यांचं बंद. असले लोक प्रत्येक मंडळीत असतात. आमच्यात तर दोन आहेत.

निर्वाद्य:
वैयक्तिक होऊ नका.

कडकडाट:
नाव घेतलं का मी? ड्रम नसते तर आज मी मंडळीत नसतो, एवढंच सांगतो. सतराव्या वर्षी शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधी सटकायचो. कोणीतरी हातात काड्या दिल्या. तुम्ही लोकांनी पुस्तक दिलं होतं, तेही आधी हात धुऊन ये म्हणून.

पन्नाशीपार:
माझा धागा कुठे गेला?

अर्धवट_कॅथलिक:
आणतो परत. ज्यांना वाटतं की दुर्बीण आणि देव एका यादीत शोभत नाहीत, त्यांच्यासाठी. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र फादर होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मितीचा पुरावा दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ झाला तो हाच माणूस. आपला सिद्धान्त देवाचा वकील म्हणून उभा करू नये, असं त्याचं मत होतं. मला तर तोच खरा श्रद्धावान वाटतो.

निर्वाद्य:
विज्ञान पुरे. याकोबाचं पत्र, पहिला अध्याय: संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा. अशाला प्रभूकडून काही मिळेल असं त्याने समजू नये. यात न कळण्यासारखं काय आहे?

तिरपीनजर:
त्याच बायबलमध्ये यहूदाचं पत्र आहे (तो यहूदा नव्हे, दुसरा). बावीसावी ओवी. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. दया म्हणजे हजेरीपट नव्हे.

आणि पंडिता रमाबाईंना तुम्ही काय म्हणाल? १८८३ चा बाप्तिस्मा. त्यानंतर त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावरून) ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच पत्रांतून कडाकडा भांडल्या. लाट म्हणायचं का त्यांना? मग मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं ते कोणी?

निर्वाद्य:
अर्धीच गोष्ट सांगू नका. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. म्हणजे त्यांचा प्रश्न सुटला. त्या प्रश्न कुरवाळत बसल्या नाहीत.

तिरपीनजर:
आठ वर्षांनी! हेच तर सांगतेय मघापासून. या पोराला तुम्ही आठ दिवस तरी देताय का?

निर्वाद्य:
ठीक. आठ वर्षं दिली. तारीख लिहून ठेवतो.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. कधी लिहीत नाही. तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

शेजारशेजारच्या दोन खाटा. दोघंही तरुण, दोघांच्याही घरचे बाहेर गुडघ्यांवर. पहाटे एक गेला. दुसऱ्याचा ताप सकाळी उतरला. त्याच्या घरच्यांनी तिथेच उपकारस्तुतीचं गीत धरलं. त्यांचा काय दोष, मीही गायले असते. पण पहिल्याची आई अजून कागदांवर सह्या करत होती, चार पावलांवर. तिने गाणाऱ्यांकडे ज्या नजरेने बघितलं ती मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

मी अजून प्रार्थना करते, रोज करते. पण "देवाने आमच्या माणसाला वाचवलं" ही साक्ष मी उभी राहून देत नाही. कोणाला हा अविश्वास वाटला तर वाटो.

जुनासूर:
ताई, याला काय उत्तर द्यायचं. तुमचं बरोबर आहे.

(ड्रमबद्दल मात्र माझं मत तेच आहे.)

रातकिडा:
काका, उत्तर द्यायला उशीर झाला, परीक्षा होती.

ती यादी महत्त्वाच्या क्रमाने नव्हती. मी रात्री जागून काय काय करतो त्याची होती. आकाश, गिटार (हेडफोन लावून, जुनासूर काका निश्चिंत राहा), बुद्धिबळ, पुस्तकं, आणि हे. जेवण जात नाही माझं, झोप जाते.

आकाशामुळे तर पाचवा प्रश्न निघाला. १९८७ मध्ये एक तारा फुटताना दिसला. तो सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर होता. आमच्या तरुण संघात शिकवतात की पृथ्वी सहा हजार वर्षांची. मी विचारलं, मग हा प्रकाश निघाला कधी? उत्तर आलं, देवाने तो वाटेतच निर्माण केला. म्हणजे जो तारा कधी फुटलाच नाही त्याच्या फुटण्याचं चित्र देव आपल्याला दाखवतोय? सहा हजार वर्षं सोडून देणं मला जड गेलं नाही. देव फसवतो हे मानणं जड जातंय.

अर्धवट_कॅथलिक:
सहा हजारांवर तुला थांबवलंय कोणी? आमच्याकडे थांबवत नाहीत, ये.

निर्वाद्य:
इथे माणसं पळवायला आलात का?

अर्धवट_कॅथलिक:
तुमच्याकडे टिकू दिलीत तर पळवायची वेळ येणार नाही. असो. कंसाचं उत्तर सोपं आहे. योहान ७:५३ ते ८:११ हा भाग सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस, दोन्ही चौथ्या शतकातली, दोन्हींत नाही. नंतरच्या काही हस्तलिखितांत तर तो लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसलाय. म्हणून छापणारे प्रामाणिकपणे कंस घालतात. गोष्ट खोटी असं त्याने ठरत नाही, योहानाने मुळात तिथे लिहिली नसावी एवढंच.

तिरपीनजर:
म्हणजे "जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा" हेच कंसात! आमच्या बैठकीत ते कायमच कंसात होतं.

रातकिडा:
धन्यवाद, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तळटीप वाचू नकोस एवढंच सांगितलं होतं.

पण एक बघा. एवढी उत्तरं आली, त्यात निम्मी वाद्यांवर. अमालेकांवर एकही नाही.

निर्वाद्य:
ते राष्ट्र पापाने भरलं होतं आणि देव सार्वभौम आहे. हे उत्तर पुरेसं आहे.

रात्रपाळी:
तान्ह्या मुलांना हातात घेतलंय कधी?

निर्वाद्य:
दोन मुलं वाढवली आहेत मी.

मला ते वाक्य लिहिताना बरं वाटलं असं समजू नका.

पन्नाशीपार:
रातकिड्या, यादीत पाचव्या क्रमांकावर लिहिलंस याबद्दलची तक्रार मागे घेतो. झोपेचं आधीच लिहायला हवं होतंस, मीही दोनलाच उठलो होतो.

बावीसाव्या वर्षी मी जो प्रश्न घेऊन गेलो होतो तो हाच, अमालेकांचा. पाळकसाहेबांनी अध्याय काढला, मोठ्याने वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चल, कुंड्यांना पाणी घालू." तासभर पाणी घातलं. त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. मी त्याला उत्तर समजत आलो. आज लिहायला बसलो तर सांगण्यासारखं काहीच निघेना.

कडकडाट:
जुनासूर, आमच्याकडे आता ड्रमवर जाड कापड टाकतात. चालेल का?

जुनासूर:
किती जाड?