मदत हवी आहे: तणनाशकाने उसातले मित्रकीटक जातात का?

नमस्कार मंडळी,

आमचं शेत दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठच्या काळ्या रानात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते, शेत चुलते म्हणजे आमचे अण्णा बघतात. आडसाली ऊस आणि थोडा कांदा. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर हजेरी परवडत नाही. त्यामुळे यंदा अण्णांनी सरीत टू-फोर-डी आणि चारी बांधांवर ग्लुफोसिनेट ही तणनाशकं मारून घेतली. त्यांची अडचण मला कळते, त्यांना बोल लावायला हे लिहीत नाही.

माझी काळजी बांधाची आहे. आमच्या बांधावर रुई आहे आणि तिच्यावर पिवळा मावा ठरलेला. त्या माव्यावर ढालकिड्याच्या अळ्या असायच्या, काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपक्यांच्या. पान उलटलं की क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका मित्रकीटकाची, अंडी दिसायची. एकेक अंडं केसाएवढ्या बारीक देठावर उभं. फवारणीनंतर रुई, एकदांडी, कुर्डू सगळं करपलं आणि हे किडेही दिसेनासे झाले. आता उसाच्या कडेच्या ओळींत लोकरी मावा आलाय. खालची पानं चिकट झालीत, त्यांवर काळी बुरशी धरतेय. हा मावा खाणारी डिफाची अळी शोधूनही सापडत नाही. २००२ साली लोकरी मावा राज्यात पसरला, तेव्हा पुढे तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी किड्यांचा मोठा वाटा होता. म्हणून जीव जास्तच तुटतो.

दुकानदार म्हणतो, तणनाशक झाडावर काम करतं, किड्याला काही होत नाही. ग्लायफोसेटबद्दल हे कारण मी वाचलंय: ते ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं ते किड्यांच्या शरीरात नसतंच. पण ग्लुफोसिनेट ज्या विकराला रोखतं ते किड्यांतही असतं ना? मग दोन्हींना एकच न्याय कसा? शिवाय बाटलीत नुसतं मूळ औषध नसतं, पानाला चिकटवणारी द्रव्यंही असतात.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. किडे औषध अंगावर पडून गेले की खाणं-आसरा गेल्यामुळे, हे शेतात ओळखता येतं का? आणि मजूर नसताना तण कसं राखावं, म्हणजे हे किडे टिकतील? उत्पन्न बुडवून निसर्ग सांभाळा असं अण्णांना मी सांगू शकत नाही.

प्रतिसाद

ताई, दोन्ही होतं. टू-फोर-डी अंगावर पडलेल्या ढालकिड्याच्या अळ्यांत मरतूक वाढते आणि त्यांची वाढ लांबते, हे कॅनडातल्या प्रयोगात १९६० सालीच दिसलं होतं. पण बांधाच्या बाबतीत मला उपासमार मोठी वाटते. क्रायसोपाची अळी मावा खाते, प्रौढ मात्र मध, पराग आणि माव्याच्या चिकट्यावर जगतो. सिरफिड माशी, जिच्या अळ्या मावा खातात, तिचंही तसंच, परागाशिवाय ती अंडी धरत नाही. फुलं गेली की ती दुसरीकडे जाते, शेतात मेलेला किडा दिसायचा प्रश्नच नाही. फवारल्यावर एक-दोन दिवसांत झाडाखाली मेलेल्या अळ्या दिसल्या तर थेट परिणामाचा संशय घ्या.

त्याआधी एक विचारा: तणनाशकाचा पंप आणि कीटकनाशकाचा पंप एकच आहे का? आमच्या भागात बहुतेकांचा एकच असतो, नीट धुतलाही जात नाही. मग नाव तणनाशकाचं आणि मारणारं दुसरंच.

तणाचं म्हणाल तर ऊस मोठ्या बांधणीपर्यंतच, म्हणजे उसाला शेवटची माती चढवेपर्यंतच, जपावा लागतो. नंतर सावलीने तण दबतं. बाळबांधणीपर्यंत, म्हणजे आधीची हलकी माती लावेपर्यंत, पॉवर वीडर फिरवा, खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. पाचटाखाली कोळी आणि भुंगेरेही राहतात. सरीत मारावंच लागलं तर वारा नसताना, नोझल खाली धरून. बांधावर मात्र अजिबात नको, विळ्याने कापा, तेही एका वेळी एकच बाजू. गाजर गवत तेवढं फुलोऱ्याआधी उपटा. देशात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, त्याला दयामाया नको.

लोकरी माव्यावर घाईने कीटकनाशक मारू नका, उरलेसुरले मित्रकीटकही जातील. हेक्टरी १००० डिफाच्या किंवा २५०० मायक्रोमसच्या अळ्या सोडायची शिफारस आहे. ओळखीच्या कुणाच्या उसात डिफा असेल तर अळ्या-कोष असलेली पानं कापून आणा आणि मावा असलेल्या पानांना टाचा. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करा, तुम्हाला पुण्यातून जवळच आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार दादा. अण्णांना फोन केला, पंप एकच आहे. आता तणनाशकाला वेगळा पंप घ्यायचं ठरलंय, आणि नदीकडचा बांध यापुढे फवारायचा नाही हे त्यांनी कबूल केलंय. दौंड, शिरूर किंवा हवेलीत कुणाच्या उसात डिफा दिसत असेल तर कृपया इथे सांगा. पानं न्यायला मी स्वतः येईन. आणि कापलेली पानं गाडीत किती वेळ टिकतात, ओल्या गोणपाटात न्यावीत का, हेही कुणीतरी सांगा.