अनुभव सांगा: कॅसेट, टीव्ही, फोन... तुमच्या वर्गात कविता कशी आली?

गोदाकाठची
भाची बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड माझ्या फोनवर स्कॅन करत होती. सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप उघडलं, कविता वाजली अन् मला परभणीची शाळा आठवली. बाई पेन्सिल घालून कॅसेटची फीत गुंडाळायच्या, तोवर मागच्या बाकावर फुल्ली-गोळा. त्या चाली अजून पाठ आहेत. तुमचं सांगा, मास्तर लोकांनी पण लिहा.

अंबेकर
कॅसेटचं काय घेऊन बसलात! आमच्या अंबाजोगाईची संतकवी दासोपंतांची पासोडी बघा. ४० हात लांब, ४ हात रुंद कापड, त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान, लिहिलेलं. चारशे वर्षांपूर्वीचा स्मार्ट बोर्ड, लाईट गेली तरी चालू 😄

गोदाकाठची
😂😂

झेडपी_मास्तर
सातवीला ओवी होती. पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, गावाकडच्या गोष्टी जपणारी संस्था) संकेतस्थळावर जात्यावरच्या लाखावर ओव्या आहेत. त्यातल्या बाबासाहेबांवरच्या, १९९६ ला माजलगावच्या भीमनगरात रेकॉर्ड केलेल्या, स्पीकरवर लावल्या. पोरं आधी खिदळली. मग एक पोरगी म्हणती, "सर, माझी आज्जी बी म्हणती, पर चाल येगळी हाय." दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवर आजीचा आवाज घेऊन हजर. मागं शेळी ओरडतीय, आजी मधीच विचारतीय, "झालं का गं?" दोन्ही ओव्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिल्या. स्वाध्याय राहिला तो राहिलाच.

वाडीवरची_बाई
भारी, मास्तर. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्म्या घरचे आईबाप ऊसतोडीला. फोन त्यांच्यासंगं कारखान्यावर, पोरगं आजीपाशी. कोड कशानं स्कॅन करावा? जी पोरं आईबापासंगं जातात त्यांना मी धडा वाचून व्हॉट्सॲपला आवाज पाठवते. पीडीएफ कुणी उघडत नाही. आवाज मात्र रात्री कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) सगळे मिळून ऐकतात, बापसुद्धा. एकानं उलट निरोप धाडला, "बाई, जरा हळू वाचा."

हुरडा_पार्टी
स्पीकर कोणता हो मास्तर? केवढ्याला?

झेडपी_मास्तर
घरचाच आहे. मेव्हण्याच्या लग्नात आलेला.

माजलगावची_लेक
माझं माहेर!! त्या आजीची ओवी टाका ना इथं.

झेडपी_मास्तर
आजीला विचारल्याबिगर नाही टाकणार ताई.

हुरडा_पार्टी
आमच्या शाळेला गावानं वर्गणी करून टीव्ही दिला. चोरी होईल म्हणून कपाटात कुलपात.

अंबेकर
किल्ली कुणापाशी?

हुरडा_पार्टी
बदली झाली त्यांची.

गोदाकाठची
😂 थांबा, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.