अनुभव धागा : मसाल्याचा स्टेक आणि सोबतची वाइन

घरच्या तव्यावर मसाल्याचा स्टेक भाजणाऱ्यांनी आणि त्यासोबत वाइन घेणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. मांसाचा कोणता भाग घेतला, मसाला केव्हा घातला आणि वाइन का जुळली किंवा का जुळली नाही, एवढे आवर्जून सांगावे.

मेलबर्नहून
येथे रिबआय, म्हणजे गायी-बैलाच्या बरगडीकडचा चरबीदार भाग, सहज मिळतो. अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा तुकडा मी आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवतो, कारण पृष्ठभाग ओला राहिला तर तव्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि मांस भाजण्याऐवजी शिजते. खरपूस तपकिरी थर साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढेच नीट धरतो. मसाला म्हणून जाडसर कुटलेले मिरे आणि धणे पुरतात, आणि तेही दोन्ही बाजू भाजून झाल्यावर, आच कमी करून सोडलेल्या लोण्यात. बारीक दळलेला मसाला कडकडीत तव्यावर पाहता पाहता करपतो, आणि तो कडवटपणा कोणतीही वाइन झाकू शकत नाही. आतील तापमान 52 अंशांवर आले की तुकडा उतरवतो. बाजूला ठेवल्यावरही ते दोन-तीन अंशांनी चढते.

सोबत शिराझ ही रेड वाइन घेतो. मिऱ्यांना मिरमिरीत वास देणारे रोटंडोन हे संयुग शिराझमध्येही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसाच्या उष्ण खोऱ्यापेक्षा आमच्या व्हिक्टोरियातील ग्रॅम्पियन्सच्या थंड हवेतील शिराझमध्ये हा वास अधिक स्पष्ट लागतो, म्हणून नाव मोठे असले तरी बरोसाची बाटली मी या पदार्थासाठी निवडत नाही.

नाशिकहून
महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने आमच्याकडे स्टेक म्हणजे म्हशीचा अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग. त्यात चरबी फारच कमी असते, त्यामुळे बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून कमी वेळात भाजणे आणि शेवटी चमच्याने लोणी वरून सोडत राहणे, यावाचून तो मऊ राहत नाही. मेलबर्नकरांचा धण्यांचा मुद्दा मला पटतो; मी त्यात दगडफूल आणि थोडी लवंग भाजून भरड करून घालते. लाल तिखट मात्र पूर्णपणे टाळते, कारण तिखटाची आग वाइनमधील अल्कोहोलने वाढते आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या सालीतून येणाऱ्या घटकाचा, तुरटपणाही अधिक बोचू लागतो. दिंडोरीची शिराझ या भरड मसाल्याशी उत्तम जमते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतला आहे. आमच्या एप्रिलमधल्या खोलीत तो निरर्थक ठरतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवून सोळा-अठरा अंशांवर आणावी.

पणजीहून
आम्ही सुरमईचा जाड काप रेशाद या गोव्याच्या लाल मसाल्यात भाजतो. त्यात सुक्या मिरच्या आणि व्हिनेगर दोन्ही असल्याने वर सांगितलेल्या रेड वाइन येथे साफ हरतात. व्हिनेगरच्या आंबटपणापुढे टिकायला वाइनलाही आंबटपणा हवा आणि मिरचीसाठी अल्कोहोल कमी हवे. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द ही हलकी, आंबटसर वाइन थंडगार घेतली की दोन्ही साधते. मसाल्यात साखर असल्याने आच मात्र मध्यमच ठेवावी लागते.

पुण्याहून, एक प्रश्न
अर्जेंटिनाची माल्बेक ही रेड वाइन स्टेकसाठी सर्वोत्तम मानली जाते. ती आपल्या मसाल्याला चालेल का?

नाशिकहून
मेंदोसाकडील, म्हणजे अर्जेंटिनातील माल्बेकच्या मुख्य प्रांतातील, लोक मांसाला बहुधा मीठच लावतात, आणि तिचा तो लौकिक अशाच साध्या, चरबीदार मांसासोबतचा आहे. मिरे-धण्यांपर्यंत ती बेलाशक घ्या. तिखट घालणार असाल, तर किंचित गोडसर शेनिन ब्लांक घ्या आणि मांसासोबत व्हाइट वाइन कशी, हा प्रश्न पाहुण्यांना पडू द्या.