"झाडाखाली उभं राहा, फोटो आपोआप छान येतात" म्हणे!

कवडसा: काल एकाने ठोकून दिलं की फळबागेत फॅमिली शूट करताना उजेडाची काळजीच नको, झाडाखाली उभं राहा, फोटो आपोआप छान येतात. आपोआप! अहो, भर दुपारी झाडाखाली उभं राहिलं की पानांतून गळणारं ऊन तोंडावर ठिपक्याठिपक्यांनी पडतं, एक गाल पांढराफटक आणि दुसऱ्या डोळ्याखाली काळोख. त्यात पानांचा हिरवा उजेड अंगावर उतरतो. आम्ही पाचही जण हौसेने पांढरे कपडे घालून गेलो होतो, सगळं कुटुंब आजारी दिसतंय. सूर्य मावळायच्या आधीचा तास घ्या, ऊन पाठीमागून येऊ द्या, झाडांच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहा, समोरून रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवणारा फलक) धरा. एवढं साधं आहे.

कालचा_मीच: तो मी. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत काढा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घरी बसून नीट होतो, एवढा आरडाओरडा कशाला? आणि मावळतीचा तास म्हणे! दोन वर्षांची पोर त्या वेळी झोपेला आलेली असते, किरकिर चालू. आमचा सगळ्यात भारी फोटो सकाळी ११ चा आहे, लेक भोकाड पसरून रडतेय आणि मागे फळं लगडलीत.

कवडसा: चेहऱ्यावरचा हिरवा काढायला गेलात की अख्खा फोटो गुलाबीकडे झुकतो, मग चेहरे तेवढे वेगळे निवडून (मास्क करून) सुधारत बसा. आणि उन्हाच्या ठिपक्यात फोटोत पांढरीफटक जळलेली कातडी रॉ मधूनही परत येत नाही.

बागेतली_सून: तुमचे उजेड तुम्हालाच लखलाभ, बागेचं कुणी बोलणार का? आमच्याकडे शूटला येतात, पोराला फळ तोडताना दाखवायचं म्हणून फांदी खाली ओढतात. सफरचंदाला ज्या आखूड खुंटावर फळ धरतं तो पुढची कितीतरी वर्षं फळ देतो, फळासोबत तोच ओरबाडला की तिथलं पुढचं पीक गेलं. ठिबकच्या नळ्यांवर उभे राहतात, एकाने तर स्टँड रोवायला नळीलाच भोक पाडलं!

कालचा_मीच: फी घेता ना? मग?

बागेतली_सून: फी उभं राहायची घेतो, तोडायची नाही. फोटोवाल्याला पैसे देता म्हणून त्याचा कॅमेरा घरी नेता का?

कालचा_मीच: चार फळांसाठी एवढं?

बागेतली_सून: चार तुमची, चार पुढच्याची. परवा तर फवारणी झाली होती, आज येऊ नका म्हणून फोन केला, तरी आले. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं किती वेळ आत शिरायचं नाही ते, आणि यांची पोरं पानं तोंडात घालतायत. वर मलाच म्हणे तुम्ही मूड घालवलात.

कवडसा: ताई, मुद्दा उजेडाचा चालला होता...

बागेतली_सून: धागा तुमचा, बाग माझी.

मागची_रांग: भांडा तुम्ही. आमच्या फोटोग्राफरने मावळतीचं सोनेरी ऊन बरोब्बर साधलं, आणि मागचं धूसर हवं म्हणून एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवून काढलं. पुढच्या रांगेतली पोरं टकाटक, मागे उभे असलेले आजी-आजोबा पुसट. त्या वेळी छोट्या स्क्रीनवर कुणाला कळलं नाही. आजी नंतर तीन महिन्यांनी गेली. दोन रांगा असतील तर तोंड लहान करून एफ ५.६ किंवा ८ ठेवा, झाडं थोडी ओळखू आली तरी चालतील, नाहीतर सगळ्यांना एका रांगेत घ्या.

कवडसा: हे मीच वर लिहायला हवं होतं. मी आपला उजेडातच अडकलो.

कालचा_मीच: आमच्या त्या भारी फोटोत आई मागेच आहे. आत्ता झूम करून पाहिलं. असो. "आपोआप" हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. संध्याकाळी पुन्हा काढू, पण पोरगी झोपली तर उठवायला कवडसा साहेबांनी यायचं.

बागेतली_सून: या, पण आधी फोन करून. आणि जाताना फाटक लावून घ्या.