शिबिरातील मोतीबिंदू : प्रत्येकाला फेकोच हवे, हा आग्रह योग्य आहे का?

आर्वीकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत अशी मागणी झाली, की तपासणी शिबिरातून निवडलेल्या प्रत्येक रुग्णाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया मशीननेच, म्हणजे फेको पद्धतीनेच व्हावी, आणि तसे होणार नसेल तर गावात शिबिरच घेऊ नये. मी या मागणीला विरोध केला. तेथे मला पुरते बोलता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

गावात फेकोला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात. वस्तुतः त्यात लेझर नसते. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून सुई आत घालून श्राव्यातीत ध्वनीच्या कंपनांनी मोतीबिंदूचा गाभा फोडून शोषून घेतात आणि घडी केलेले भिंग आत बसवतात. शिबिरातल्या रुग्णांसाठी बहुधा वापरली जाणारी दुसरी पद्धत लहान छेदाची, हाताने करण्याची आहे. तिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-साडेसहा मिलिमीटर रुंदीची बोगद्यासारखी तिरपी वाट करून गाभा अखंड बाहेर काढतात. ही वाट डोळ्याच्या आतील दाबानेच मिटते, त्यामुळे बहुतेक वेळा टाका लागत नाही. ही जुनाट, टाक्यांची शस्त्रक्रिया आहे असा जो समज पसरला आहे, तो चुकीचा आहे.

या दोन पद्धतींची तुलना आपल्याच राज्यात झालेली आहे. पुण्यात ४०० डोळ्यांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी योग्य चष्मा लावून तपासले, तेव्हा दोन्ही गटांत ९८.४ टक्के रुग्णांची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगली होती. नेपाळमधील १०८ रुग्णांचा अभ्यास २००७ चा आहे. त्यात सहा महिन्यांनी चष्म्याविनाही दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले (६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी हाताने केलेल्यांत ८९ टक्के, फेकोत ८५ टक्के) आणि शस्त्रक्रियेला लागलेला सरासरी वेळ मात्र हाताने नऊ मिनिटे विरुद्ध फेकोने साडेपंधरा मिनिटे असा होता. ज्या भागात शस्त्रक्रियेची वाट पाहत म्हातारी माणसे घरात बसून आहेत, तेथे या साडेसहा मिनिटांना फार मोल आहे. एका पद्धतीच्या हट्टापायी शिबिरच नाकारणे म्हणजे त्या माणसांना आणखी एक वर्ष अंधारात ठेवणे होय.

दारव्हेकर

आपण दिलेले आकडे खरे आहेत, पण पुण्याच्या अभ्यासातील जो आकडा आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा, तोच आपण वगळला आहे. त्याच अभ्यासात सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ पर्यंत पोहोचलेले रुग्ण फेको गटात सुमारे ८१ टक्के आणि दुसऱ्या गटात ७१ टक्के होते. म्हणजे शंभरांत दहा माणसांचा फरक. छेद मोठा असला की बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची गोलाई बदलते, तिरपा नंबर (एका दिशेच्या रेषा धूसर दिसण्याचा दोष) येतो आणि दृष्टी चष्म्यावर अवलंबून राहते.

‘योग्य चष्मा लावून’ हे शब्द कागदावर सोपे दिसतात. माझ्या आईची शस्त्रक्रिया एका शिबिरामार्फत झाली. ती उत्तम झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. चाळीस दिवसांनी नंबर काढायला या, असे सांगितले होते. तो दिवस नेमका कापसाच्या वेचणीत आला, गावातून तालुक्याला जाणारी एसटी सकाळी एकच, आणि सोबत जायला घरात माणूस नाही. आई तीन महिने बिनचष्म्याची राहिली. तिला माणसे ओळखू येत होती, परंतु तांदूळ निवडता येत नव्हता आणि बोंडातला कापूस व पातीचा कचरा ती हाताच्या स्पर्शानेच वेगळा करीत असे. अभ्यासाच्या तक्त्यात तिची गणना ‘यशस्वी’ या रकान्यात झाली असती.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. नेपाळच्या अभ्यासातील शल्यचिकित्सक त्या पद्धतीत मुरलेले होते. त्यांच्या हाताचे निकाल आमच्या तालुक्याच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. खाजगी दवाखान्यात पैसे भरणाऱ्याला फेको आणि शिबिरातल्याला दुसरी पद्धत, ही विभागणी डोळा पाहून होत नाही, खिसा पाहून होते. ग्रामसभेची मागणी मला त्यामुळे रास्त वाटते.

नेत्र चिकित्सा अधिकारी, पूर्व विदर्भ

मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासण्याचे काम करतो, शस्त्रक्रिया करीत नाही. त्यामुळे मी पाहिले तेवढेच लिहितो. आमच्याकडे धानाच्या पट्ट्यातून आणि जंगलातल्या गावांतून जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी अनेकांचा मोतीबिंदू पूर्ण पिकून पांढरा, किंवा कडक होऊन तपकिरी झालेला असतो. असा गाभा फेकोने फोडायला ध्वनीची ऊर्जा जास्त लागते. त्या ऊर्जेने बुबुळाच्या पडद्याच्या आतील बाजूच्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. फारच पेशी गेल्या तर पडद्यात कायमचे पाणी धरून तो धूसर होतो, म्हणजे मोतीबिंदू निघूनही दृष्टी येत नाही. अशा डोळ्यांसाठी अनेक अनुभवी शल्यचिकित्सक हाताचीच पद्धत निवडतात आणि ते खिसा पाहून नव्हे. सरसकट फेकोचा ठराव झाला, तर सर्वांत जास्त नुकसान सर्वांत उशिरा आलेल्या रुग्णाचे होईल.

चष्म्याबाबत मात्र मी दारव्हेकरांशी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढी भर घालतो, की चष्म्याचा नंबर केवळ छेदामुळे येत नाही. आत बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजावी लागते. लांबीच्या मापात एक मिलिमीटर चूक झाली, तर साधारण अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. हे माप घाईने घेतले असेल तर फेको करूनही रुग्णाला धूसरच दिसेल. छेदही वरच्या बाजूऐवजी कानाकडच्या बाजूने घेतला, तर तिरपा नंबर कमी येतो. ग्रामसभेने ठरावात पद्धतीचे नाव लिहिण्याऐवजी प्रत्येक रुग्णाचे माप घेतले का, असे विचारले असते, तर त्याचा उपयोग अधिक झाला असता.

काटोलचा शिक्षक

मोतीबिंदू कडक झालेला असतो म्हणून फेको नको, या युक्तिवादावर माझा आक्षेप आहे. तो कडक होईपर्यंत थांबवले कोणी? ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’ हा सल्ला आजही गावोगाव दिला जातो. संपूर्ण भिंग आवरणासकट काढून जाड काचेचा चष्मा देत असत, त्या काळाचा तो सल्ला आहे. डोळ्यात भिंग बसवणे सर्रास झाल्यावर त्याला काही आधार उरला नाही. रुग्ण लवकर आणा, म्हणजे दोन्ही पद्धतींचे निकाल सुधारतील. उशीर आपणच होऊ द्यायचा आणि मग त्याच उशिराचे कारण सांगून पद्धत ठरवायची, हे मला पटत नाही.

आर्वीकर

दारव्हेकरांनी दाखवलेली चूक मी मान्य करतो. चष्म्याविनाचा आकडा मी लिहायला हवा होता, आणि आपल्या आईंचा अनुभव वाचल्यावर तर तो वगळणे मला अधिकच चुकीचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या लक्ष्यातही आता केवळ शस्त्रक्रियांची संख्या नसून, शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्ष ६/१२ दृष्टी किती जणांना मिळाली हे मोजणे अपेक्षित आहे. ती दृष्टी रुग्ण घरी ज्या अवस्थेत वावरतो त्या अवस्थेत मोजतात. चष्मा असेल तर चष्म्यासह, नसेल तर तसेच.

तरीही माझा मूळ विरोध कायम आहे. फेको व हाताची पद्धत यांची तुलना करणारे आठ अभ्यास, मिळून १७०८ रुग्ण, २०१३ च्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात एकत्र पाहिले गेले. बहुतेकांतील पाठपुरावा सहा ते आठ आठवड्यांचाच होता. एवढ्या पुराव्यावर एक पद्धत सक्तीची करणे घाईचे ठरेल. उलट ज्या उपायाचा पुरावा फार भक्कम आहे, त्याबद्दल ग्रामसभेत कोणी विचारलेच नाही. मदुराईच्या अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिल्यास डोळ्यातील गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे त्यांना आढळले. पद्धत कोणतीही असो, या संसर्गाने डोळाच जाऊ शकतो.

आणि ‘खेड्यातले लोक पुन्हा तपासणीला येत नाहीत’ हे कारण मला कोणी देऊ नये. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात डोळ्यांचे मोठे सर्वेक्षण झाले, तेव्हा तिशीच्या पुढच्या पात्र लोकांपैकी ८० टक्के म्हणजे ४७११ जण तपासणीला आले होते. व्यवस्थित बोलावले आणि न्यायची सोय केली, तर आपला माणूस येतो.

दारव्हेकर

सक्तीचा शब्द मी मागे घ्यायला तयार आहे. कडक मोतीबिंदूबद्दल अधिकाऱ्यांनी लिहिलेली बाब मला माहीत नव्हती. परंतु जेथे गाभा मऊ आहे, मशीन उपलब्ध आहे आणि शल्यचिकित्सक त्यात तयार आहे, तेथे शिबिरातल्या रुग्णाला फेको नाकारण्याचे कारण त्याला मराठीत, लेखी मिळाले पाहिजे, यावर मी ठाम आहे. आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे : भिंगाचे माप प्रत्येकाचे घ्यावे, सहाव्या आठवड्याची तपासणी आणि चष्मा गावातच आणून द्यावा, आणि त्या दिवशी चष्म्याविना व चष्म्यासह किती दिसते ते दोन्ही आकडे रुग्णाच्या कार्डावर लिहावेत. आर्वीकर, आपल्या गावातही हाच मसुदा ठेवणार असाल, तर तपासणीची तारीख वेचणीच्या हंगामात येणार नाही, एवढे त्यात आवर्जून लिहा.