घोड्याचा विजय हा खेळातला अविस्मरणीय क्षण मानायचा की नाही?

सातरस्तेवाला

आमच्या कट्ट्यावर खेळातल्या अविस्मरणीय क्षणांची यादी काढायचं चाललं होतं. २ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकार आला, टोकियोतला नीरजचा भाला आला, हेलसिंकीचे खाशाबा आले. मी सेक्रेटेरिएट या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याचं नाव घेतलं, तर सगळे एका सुरात म्हणाले, घोडा कसला खेळाडू, तो जुगार! मला हे पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ९ जून १९७३, न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क. दीड मैलाची शर्यत, घोडे पाचच. अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच मोसमात मारल्या की त्याला ट्रिपल क्राउन म्हणतात, आणि १९४८ च्या सायटेशन या घोड्यानंतर पंचवीस वर्षं ते कुणाला साधलं नव्हतं. सेक्रेटेरिएटने पहिल्या दोन जिंकल्या होत्या. दोन्ही वेळा दुसरा आला होता शॅम. त्यामुळे गेट उघडल्याबरोबर हे दोघे एकमेकांना भिडले. पहिला पाऊण मैल त्यांनी १ मिनिट ९.८ सेकंदांत काढला. दीड मैल पळायचं असताना हा वेग म्हणजे वेडेपणा, आणि जाणकारांना वाटलं की आता दोघेही मरणार, मागचा कुणीतरी येऊन शर्यत नेणार.

मेला तो शॅम. तो मागे पडत पडत शेवटी पाचवा आला. आणि सेक्रेटेरिएट? त्याला गाठणारं आता कुणी नव्हतं. जॉकी रॉन टर्कॉटने चाबूक लावला नाही. तरी घोडा अंतर वाढवतच गेला. दहा लेंथ, वीस लेंथ, शेवटी ३१ लेंथ! एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, म्हणजे दुसरा घोडा पाऊणशे मीटर मागे. वेळ २ मिनिटं २४ सेकंद. शेवटच्या टप्प्यात टर्कॉट मान वळवून घड्याळाकडे बघतोय असा फोटो आहे, कारण बघण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. पन्नास वर्षं उलटून गेली, तिन्ही शर्यतींतले त्याचे विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

माझं म्हणणं एवढंच. समोरचा संपल्यावरही जो थांबत नाही, त्याच्यात आपल्याला खेळाचं खरं रूप दिसतं. माणसांत ते फार क्वचित बघायला मिळतं, कारण माणूस जिंकल्यावर जरा सैलावतो.

आणि जुगाराबद्दल. त्या दिवशी सेक्रेटेरिएटवर दोन डॉलर लावणाऱ्याला दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते. जिंकलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी खिडकीवर दिलीच नाहीत, आठवण म्हणून घरी नेली. जिंकलेलं तिकीट जुगारी असं ठेवून देतो का?

माहीमची मुक्ता

सातरस्तेवाले, वर्णन वाचून काटा आला, खोटं कशाला बोलू. पण तुमचा मुद्दा मला मान्य नाही.

अविस्मरणीय क्षणाला दोन गोष्टी लागतात. हरण्याची भीती, आणि काय पणाला लागलंय याची जाणीव. तुमच्या घोड्याला दोन्ही नव्हत्या. ट्रिपल क्राउन हा शब्द त्याच्या गावीही नव्हता.

मी तुम्हाला आपल्या वानखेडेवरचा क्षण देते. मे १९९१, रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्या होत्या. नुकताच अठराचा झालेला सचिन ९६ करून गेला. मग दिलीप वेंगसरकर एका बाजूने उभे राहिले, समोरचे जात राहिले. शेवटचा गडी अबे कुरुविला आला तेव्हाही कुणी स्टेडियम सोडलं नाही. तीन धावा राहिल्या असताना कुरुविला धावबाद झाला. मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानावर सगळ्यांसमोर रडत होते. तेव्हा ते शंभरावर कसोट्या खेळलेले होते, १९८३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होते. त्यांना एका रणजी सामन्यासाठी रडू आलं, कारण काय गेलं ते त्यांना कळत होतं.

हे घोड्याच्या बाबतीत होऊ शकतं का? ३१ लेंथने जिंकणं हा पराक्रम आहे, नाट्य नाही.

गिरणगाव लोकल

घोडा खेळाडू असेल-नसेल, रेस हा धंदा आहे. ५,६१७ लोकांनी तिकिटं जपली हे छान. डर्बीच्या, म्हणजे मोठ्या शर्यतीच्या, रविवारी संध्याकाळी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर फाटलेल्या तिकिटांचा खच बघितलाय का कधी? आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी नवरा थेट घरी आला की बायका सुटकेचा श्वास टाकायच्या. रेस म्हणजे कौशल्याचा खेळ, नुसतं नशीब नाही, असं १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ते मला माहीत आहे. कायद्याने चालेल. पण ज्या घरात चूल थंड राहिली त्या घराला ‘अविस्मरणीय’ म्हणजे काय ते विचारा.

खेडचा गाडामालक

राम राम मंडळी. मी सध्या भांडुपला असतो, मूळ खेडचा.

मुक्ताताई, जनावराला जाणीव नसते हे तुम्ही कशावरून म्हणता? आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा पळतो तेव्हा गाड्यावर हाकायला माणूस नसतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सेकंदांवर मोजतात. बैल जुंपायला नेला की त्याला कळतं. कान उभे राहतात, अंगावरचं कातडं थरथरतं. घरी पोरं अंगावर लोळतात तोच बैल घाटात हात लावू देत नाही. एखादा बैल निशाणाच्या पुढे गेला तरी थांबत नाही, आणि एखादा कितीही दणकट असला तरी घाट बघून मन मारतो. हा फरक खुराकाचा नाही, बैलाचाच आहे.

२०१४ च्या मे महिन्यात कोर्टाने शर्यती बंद केल्या. गावोगावच्या जत्रा मुक्या झाल्या. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, २०२३ च्या मे मध्ये पाच न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला. बंदीच्या काळात लोकांनी पळणारे बैल विकले नाहीत, बसून खायला घातलं. नुसत्या पैशासाठी कुणी असं करत नाही. आमच्या बाजूने एवढंच बोलतो. सेक्रेटेरिएट मी पाहिला नाही, पण सातरस्तेवाले काय म्हणतात ते मला बरोबर समजलं.

सातरस्तेवाला

गाडामालक, धन्यवाद. मला नीट मांडता आलं नसतं ते तुम्ही घरचा अनुभव म्हणून सांगितलंत.

गिरणगाव, चूल थंड राहिल्याचं दुःख मी नाकारत नाही, सात रस्त्याला वाढलोय. पण मग क्रिकेटवर सट्टा चालतो म्हणून वानखेडे यादीतून काढायचं का? पैसा लावणारा आणि धावणारा हे वेगळे. घोड्याने कुणाचा पगार खाल्लेला नाही.

मुक्ताताई, जाणिवेचं बघा. १८ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. बॉब बीमनने लांब उडी मारली. मोजायचं यंत्र तिथवर पोचेना, शेवटी टेप आणावी लागली. फलकावर ८.९० मीटर लागलं तरी बीमनला मीटरचा हिशेब कळत नव्हता. जुना विक्रम आपण एका झेपेत ५५ सेंटिमीटरने मोडलाय हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणजे उडी मारताना आणि मारून झाल्यावरही त्याला काय झालं ते माहीत नव्हतं. तरी त्या उडीला आपण महान म्हणतोच ना? शरीराने ते केलं. कळणं मागाहून आलं.

माहीमची मुक्ता

पण आलं! तुमच्याच उदाहरणातला पुढचा भाग सांगा की. सोबतच्या खेळाडूने फुटांत सांगितलं, एकोणतीस फुटांच्या वर, तेव्हा बीमनचे पाय गळाले आणि तो जमिनीवर कोसळला. लोकांच्या मनात उडीइतकंच ते कोसळणंही आहे. सेक्रेटेरिएटला हे कुणी कधी सांगू शकलं नाही.

जेसी ओवेन्सचं घ्या. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला चार सुवर्णपदकं. त्याच वर्षी डिसेंबरात हा माणूस क्यूबात, हवानाला, पैशांसाठी घोड्याशी शर्यत लावत होता. चाळीस यार्ड पुढून सुटला आणि जिंकला. घोडा हरला, पण मान खाली कुणाची गेली? घोड्याची नाही. जिंकूनही ओवेन्सची. मान-अपमान, जिंकणं-हरणं हे सगळं माणसाच्या आत घडतं. तुमच्या बेलमाँटमध्येही क्षण असेलच तर तो टर्कॉटचा आहे. घड्याळाकडे बघणारा तो एकटाच होता.

गाडामालक, बैलाची थरथर मी खोटी म्हणत नाही. पण ती भीती की ईर्षा, हे आपण आपल्या मनाने ठरवतो.

कराडकर

टर्कॉटचा मुद्दा आवडला. खाशाबांची १९५२ ची कुस्ती आज हयात असलेल्यांपैकी कितीजणांनी डोळ्यांनी पाहिली असेल? तरी ती विसरली गेली नाही. कारण त्यामागे राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवून दिलेले सात हजार आहेत, गोळेश्वरच्या लोकांची वर्गणी आहे, आणि अर्जुन पुरस्कार मिळायला २००० साल उजाडलं, तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती, ही बोच आहे. क्षणाभोवती माणसं लागतात.

नेरुळ लोकल ८.१२

२ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील. हरमनप्रीतने मागे धावत तो शेवटचा झेल घेतला आणि महिलांचा पहिला विश्वचषक आपल्याकडे आला. उपांत्य फेरीत आपल्या जेमिमाचे नाबाद १२७. मी दोन्ही दिवस स्टेडियमात होते. मला यादीत दुसरं काही नको!

परळची डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगायची आहे, कारण इथे जिंकण्याबद्दलच बोलणं चाललंय.

६ जुलै १९७५, तेच बेलमाँट पार्क. रफियन नावाची घोडी तोवर एकही शर्यत हरली नव्हती. तिची फूलिश प्लेझर या घोड्याशी दोघांचीच शर्यत लावली होती. ती पुढे असतानाच तिच्या पुढच्या पायाची हाडं मोडली. आणि ती थांबेना. जॉकी ओढत होता तरी मोडक्या पायावर पळत राहिली. रात्री ऑपरेशन झालं. भूल उतरताना पडल्या पडल्या पाय मारू लागली, जणू अजून शर्यतीतच होती, आणि प्लास्टर फोडून घेतलं. तिला दयामरण द्यावं लागलं.

लोक विचारतात, पाय मोडला म्हणून घोड्याला मारतात का. साडेचारशे-पाचशे किलोचं शरीर, आणि गुडघ्याखाली स्नायू जवळपास नाहीत, नुसतं हाड, शिरा आणि कातडं. घोडा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला तर चांगल्या पायांच्या खुरात सूज धरते, खुराच्या आतलं हाड सुटून फिरतं. त्या वेदना मी पाहिलेल्या आहेत, वर्णन करत नाही. सेक्रेटेरिएटचा अंतही ऑक्टोबर १९८९ मध्ये खुराच्या याच दुखण्याने झाला.

सातरस्तेवाले, समोरचा संपल्यावरही जो थांबत नाही तो महान, असं तुम्ही लिहिलंत. रफियनही थांबली नाही. त्यामुळे घोड्याच्या न थांबण्याचं कौतुक करताना मला धास्ती वाटते. आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून थांबता न येणारं जनावर तयार केलं आहे. मुक्ताताई, तुम्हालाही सांगते. काय पणाला लागलंय ते रफियनला ठाऊक नव्हतं, पण पणाला तिचा जीव लागलेला होता. तिचा क्षण बिनमहत्त्वाचा कसा म्हणायचा?

सातरस्तेवाला

डॉक्टर, रफियनला मी यादीत सेक्रेटेरिएटच्या शेजारी ठेवीन, आणि वर ठेवा म्हणालात तर वर. पण त्या दोघांत फरक आहे. रफियनला दुखत असताना थांबता आलं नाही. सेक्रेटेरिएटला काही दुखत नव्हतं, कुणी मारत नव्हतं, तो मोकळा पळत होता. ते ३१ लेंथ बघताना मला आनंद दिसतो. तो आनंद घोड्याला नव्हता हे मला कुणी सिद्ध करून दाखवावं.

त्याचं काळीज साधारण दहा किलोचं होतं म्हणतात, ते खरं का?

परळची डॉक्टर

तो अंदाज आहे. डॉक्टर स्वेर्चेक यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा सेक्रेटेरिएटचं हृदय वजनकाट्यावर ठेवलं नव्हतं. पुढे १९९३ मध्ये शॅम गेला, त्याचं मात्र त्यांनीच मोजलं, ते आठ किलोच्या वर भरलं. सर्वसाधारण शर्यतीच्या घोड्याचं चार-पाच किलोचं असतं. त्या तुलनेत सेक्रेटेरिएटचं दहा किलोचं असावं असं त्यांनी सांगितलं. हृदयात व्यंग काही नव्हतं, सगळे कप्पे नीट, फक्त आकार मोठा.

माहीमची मुक्ता

म्हणजे आठ किलोचं हृदय असलेला घोडा त्या दिवशी पाचापैकी पाचवा आला! सातरस्तेवाले, तुम्ही एवढं लिहिलंत आणि शॅमला एका वाक्यात संपवलंत. डर्बी आणि प्रीकनेस या पहिल्या दोन्ही शर्यतींत दुसरा, बेलमाँटला पाऊण मैल बरोबरीने पळाला. त्यानंतर त्याचं काय झालं?

परळची डॉक्टर

त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही. त्याच जुलैत सराव करताना पुढच्या पायाचं हाड मोडलं. ऑपरेशन यशस्वी झालं, पुढे वीस वर्षं जगला.

माहीमची मुक्ता

माझं मत बदललेलं नाही, वेंगसरकरांच्या अश्रूंच्या वर मी घोडा ठेवणार नाही. पण तुमच्या शर्यतीतून एकच नाव घ्या म्हणालात तर मी शॅमचं घेईन.